डोंगराच्या पोटातला झेंडू

दसऱ्याचे हार अजून दारांवर धड सुकलेही नव्हते, तोच दर्शनाने ते ओरबाडून झेंडूचं पोतं भरलं. अख्ख्या पिंपळकोंडातून! घरोघरी शिव्या खाल्ल्या, पण पोतं भरलं.

कारणही तसंच होतं. कोंडाचा झरा शिमग्याआधीच आटायचा, की मग बायांची टँकरपाठी पळापळ. वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, मात्र एक पऱ्या वाहत येतो आणि कातळातल्या बिळात गडप होतो. ते पाणी निघतं कुठे, यावरून पिंपळकोंड आणि डोंगरापलीकडची आडवाडी पिढ्यान्‌पिढ्या भांडतायत. आता पंचायतीकडून बंधारा मिळणार होता, तोही एकच. बिळातलं पाणी कोंडाच्या झऱ्यात निघालं तर तो सड्यावर, नाहीतर आडवाडीच्या ओढ्यावर. "बिळात झेंडू सोडू, काय ते कळेल," असं भर सभेत दर्शनाच बोलून बसली होती. आता माघार कसली!

सकाळी दोन्ही वाड्यांच्या डोळ्यांदेखत पोतं बिळात रिकामं झालं. आडवाडीतर्फे सहदेवकाका साक्षीला कोंडाच्या झऱ्यावर येऊन बसले. दिवस मावळेपर्यंत वाट बघायची, असं ठरलं.

ऊन कलायला लागलं तरी पाणी आपलं नितळ. दर्शनाचा जीव खालीवर. सासरे गोमाजी "जरा आलो" म्हणून झऱ्यामागच्या झुडपात शिरले, आणि काय सांगावं, थोड्याच वेळात पिवळ्याधमक पाकळ्या आल्या की तरंगत! एकच गलका उडाला. बायांनी तिथंच फुगड्या धरल्या. दर्शना हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

सहदेवकाकांनी एक पाकळी उचलून बोटांत चोळली.

"गो दर्शना, डोंगराच्या पोटातून आलेली पाकळी वरनं कोरडी कशी?"

सगळ्यांच्या नजरा गोमाजींकडे वळल्या. सदऱ्याच्या खिशातून झेंडू डोकावत होता.

"बंधारा हातचा चालला होता गो," ते पुटपुटले.

"आबा, काय केलंत हे!" दर्शना सगळ्यांसमक्ष कडाडली. सासऱ्यांसमोर आजवर तिचा आवाज चढला नव्हता. गोमाजी खाली मान घालून निघाले, त्यांच्यामागून एकेक करत सगळा कोंड पांगला.

सहदेवकाकाही उठले. जाता जाता पाणी प्यायला वाकले, ओंजळ भरली आणि तसेच थबकले. शेजारी उभ्या दर्शनाने पाहिलं. ओंजळीत एक पाकळी होती, चुरगळलेली, फाटलेली, चिखलाने माखलेली. अगो बाई, आली! खरंच आली!

काकांनी झटकन मूठ आवळली.

बाकी कुणीच पाहिलं नव्हतं. आणि दर्शनाने ओरडून सांगितलं असतं, तरी आता कोंडाच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? काकांच्या घरीही ओढ्यावरच्या बंधाऱ्याकडे डोळे लागलेली माणसं होतीच की.

"काका..." तिच्या तोंडून एवढंच फुटलं.

काका मुठीकडे बघत राहिले. मग एकदम घरांकडे जाणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्यांच्या दिशेने त्यांनी हाळी दिली, "ओ गोमाजी! मागं फिरा! समद्यांना बोलवा! खरा झेंडू आता आला हाय!"

माणसं धावत येईपर्यंत झऱ्याच्या तोंडातून फाटक्या पाकळ्यांचे पुंजके भसाभस बाहेर पडत होते. दर्शना गुडघाभर पाण्यात उभी राहून दोन्ही हातांनी ते उपसत होती, ओरडत होती, काकांच्या पाया पडायला धावत होती.

"ऱ्हाऊ दे," काका पाकळी खिशात टाकत म्हणाले. "आडवाडीत मीच सांगन. तुमचं तिथं कोन ऐकायचा नाय."