पोत्याला पाय नसतात

देवणीजवळच्या माळावर वळूनिवडीचा कार्यक्रम होता आणि नवाब नावाचा वळू पंचशीलाच्या यंत्रात अडकून बसला होता. यंत्र तिचं म्हणजे तिच्या कंपनीचं. पण आतला प्रोग्राम तिनं एकटीनं लिहिलेला, त्यामुळे पाप कुणाच्या पदरात टाकायचं हा प्रश्नच नव्हता.

यंत्र तसं साधंच. लोखंडी खोडा आणि त्याच्या तळाशी वजनकाटा. जनावर आत शिरलं की मानेच्या दोन्ही बाजूंनी दांडे मिटायचे. वजन सलग तीन सेकंद स्थिर राहिलं की आकडा नोंदवून दांडे आपोआप उघडायचे. नांदेडच्या वर्कशॉपमध्ये तिनं ते चाळीस वेळा तपासलं होतं, सोयाबीनची पोती ठेवून. चाळीसही वेळा दांडे शहाण्यासारखे उघडले होते, आणि मालकांनी, रुद्रेश सरांनी, सगळ्यांना पेढे वाटले होते.

नवाब पोतं नव्हता. सहा क्विंटलचा वानेरा वळू, म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि अर्धं तोंड काळं. दांडे मिटताच त्यानं मान मागे ओढली. ते गळ्यात रुतले, म्हणून घाबरून आणखी ओढली. दहा मिनिटं झाली तरी हेच चाललं होतं. तोंडाला फेस आला होता आणि पुढचे पाय थरथरत होते. ते मुडपले तर सगळा भार गळ्यावर येणार आणि नवाब तिथंच गुदमरणार, हे सांगायला जनावरांच्या डॉक्टरांची गरज नव्हती.

पंचशीला लाल बटण दाबत होती. संकटात दांडे उघडावेत म्हणूनच ते बसवलेलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"लाईट बंद करा की ओ!" कुणीतरी ओरडलं.

तीही करून झाली होती. लाईट जाताच दांडे उघडले आणि वळू माणसांत शिरला तर काय घ्या, म्हणून लाईट गेली तरी कुलूप बंदच राहावं, हे तिनंच ठरवलेलं. केवढी हुशारी! लाईट परत लावली तर ये रे माझ्या मागल्या. तारा काढाव्यात तर त्यांची पेटी काट्याखाली, म्हणजे नवाबच्या खुरांखाली. गॅस कटरवाला देवणीहून निघाला होता, पण वीस मिनिटं तरी लागणार होती. नवाबकडे तेवढी नव्हती.

फोन वाजला. रुद्रेश सर होते.

"जनावर नाठाळ आहे म्हणून सांग. यंत्राबद्दल एक शब्द बोलू नकोस."

तिनं फोन खिशात टाकला. समोर वजनाचे आकडे दाखवणारी पाटी होती. ६१२. ५८८. ६३१. ती बघता बघता तिला आपली चूक दिसली.

काटा आणि बोर्ड, म्हणजे पेटीतला यंत्राचा मेंदू, सिरीयल पोर्टच्या तारेनं जोडलेले होते. वजन बदललं की काट्यानं नवा आकडा धाडायचा, आणि आकडा आला की बोर्डानं हातातलं काम टाकून आधी तो घ्यायचा. याला इंटरप्ट म्हणतात. नियम चांगला, एकही आकडा हुकत नाही. तो आकडा हातावेगळा झाल्यावर मग बोर्डानं लाल बटणाकडे बघायचं. पोतं एकदा वजन सांगून गप्प बसायचं. नवाब मात्र क्षणाक्षणाला आकडे धाडत होता. भाकरी तव्यावर टाकावी आणि दारावर थाप पडावी, दार उघडून यावं तोवर पुन्हा थाप. भाकरी उलटायची कधी? बटण दाबलेलं बोर्डाला कळलंच नव्हतं. पोत्याला पाय नसतात, एवढी साधी गोष्ट. नायगावला गोठ्यात खेळून वाढलेल्या पोरीला ती सुचू नये, म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता वाट एकच होती. नवाबनं तीन सेकंद गप्प उभं राहायचं.

आणि त्याला गप्प उभं राहू देतंय कोण! एक जण बादलीनं पाणी मारत होता, दुसरा शेपूट पिळत होता. बाकीचे सल्ले देत होते आणि तेही ओरडून. पंचशीला खोड्याच्या कठड्यावर चढली.

"चूक माझी हाय! यंत्र मी बनवलंय, त्या मुक्या जिवाचं काय चुकलं न्हाई. त्याला हात लावू नका. लांब सरका अन् गप बसा सगळे!"

चूक कबूल करणारं माणूस त्या माळावर बहुधा पहिल्यांदाच बघायला मिळालं असावं. लोक सरकले. राहिले फक्त नवाबचे मालक किशनराव आणि त्यांची बायको, चतुराबाई. किशनराव वळूच्या तोंडाशी उभे राहून बोलत होते, "हितंच हाय मी, राजा. भिऊ नको."

पंचशीलानं पाटीकडे बघितलं. ते बोलले की आकडे उसळत. ते थांबले की मंदावत. नवाब त्यांच्याकडे यायला धडपडत होता.

"काका, तुम्हीसुद्धा जा."

"मी? मी गेल्यावर मरंल की त्यो!"

"तुमच्यापाशी यायलाच त्याची ओढाताण चाललीय. त्याला दिसू नका, आवाज देऊ नका."

नवाब जन्मला त्याच दिवशी गाय गेली होती. किशनरावांनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. ते पाठमोरे झाले आणि पत्र्याच्या शेडमागे गेले. चतुराबाई त्यांच्या मागे गेल्या.

नवाब हंबरला. मालकाचं तोंड दिसेना, म्हणून पुन्हा हंबरला. आकडे पिसाळले. तिसरी हाक घोगरी निघाली आणि मग तो दमला. ६०६. ६०५. ६०५. पंचशीला मनात मोजत होती. एक. दोन.

"नवाब!"

शेडमागून किशनराव ओरडले होते. हंबरणं थांबलं म्हणजे जनावर गेलं, असं त्यांना वाटलं होतं. नवाबनं सगळं बळ लावून झेप घेतली, दांडे आणखी रुतले आणि त्याचा एक गुडघा टेकला.

"मावशी, त्यांचं तोंड दाबा!" पंचशीला किंचाळली, आणि तिच्याही किंचाळण्यानं आकडे हलले. तिनं स्वतःचं तोंड ओढणीच्या बोळ्यानं दाबलं.

नवाब दोनदा हंबरला. शेडमागून काहीच आलं नाही. त्यानं वाट बघितली. मग मान खाली सोडली.

६०५. ६०५. ६०५.

खट्ट करून दांडे उघडले.

नवाब लटपटत उठला आणि बाहेर आला. पंचशीला कठडा धरून रडायला लागली, कुणी बघतंय याची तिला फिकीर नव्हती. किशनराव धावत आले. मागून चतुराबाई आल्या. त्यांच्या तळहातावर दातांचे वण उमटले होते.

"ये राजा," किशनरावांनी हात पुढे केला.

नवाबनं त्यांना बघितलं आणि तोंड फिरवलं. ते वळसा घालून समोर गेले, तर त्यानं दुसरीकडे फिरवलं.

"काका, मी दुरुस्त करते," पंचशीला म्हणाली. "पुन्हा कुठल्याच जनावराला असं होणार नाही."

"तुमचं यंत्र तुमी दुरुस्त करताल, पोरी," किशनराव वळूच्या पाठीकडे बघत म्हणाले. "त्यानं पाच डाव हाक मारली मला. मी ऐकून राहिलो होतो अन् ओ दिली न्हाई. काहून दिली न्हाई, हे त्याला कोण सांगंल?"