दबलेले कॉल

सरोवरावरून आलेला बर्फ थांबायचं नाव घेत नव्हता. काउंटीच्या आपत्कालीन मदतीचे कॉल घेणाऱ्या खोलीत फोन खणखणत होते. दुपारी तिथली प्रमुख रेनाटा कोवालचिक अचानक ओरडली, "डुडेकबाईंचा कॉल कुठे गेला? ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय त्यांचं. मी स्वतः घेतलाय तो!"

पडद्यावर तो नव्हता. त्यांच्याकडे कोणी गेलंही नव्हतं.

कोपऱ्यात कॉर्विन हास बसला होता. गंभीर कॉल आपोआप वर आणणारा प्रोग्रॅम त्याचा. वादळात काही अडलंच तर हाताशी असावा म्हणून त्याला थांबवून घेतलं होतं.

"कोणीतरी चुकून बंद केला असेल," तो म्हणाला.

"माझ्या माणसांवर ढकलू नकोस. आधी तुझा तो लाडका प्रोग्रॅम तपास."

पत्ता तिच्या लक्षात होता. बर्फावर धावणारी स्नोमोबाइल चालवणाऱ्या लॉयडला तिने वायरलेसवरून तिकडे पिटाळलं आणि खोलीला बजावलं, "आता प्रत्येक कॉल कागदावरही लिहा."

कॉर्विनने प्रोग्रॅमचा कोड उघडला आणि चूक त्याला लगेच दिसली. कॉल ठेवायची पद्धत त्याने स्वतःच बेतली होती. गांभीर्य आणि मिनिट मिळून एक खूण, त्या खुणेखाली एक कॉल. एरवी निभावलं. आज एकाच मिनिटात सारख्याच गंभीर दोघांचे फोन येत होते, आणि नंतरचा आधीच्याला पुसून टाकत होता.

"रेनाटा, एकट्या डुडेकबाई नाहीत. आणखीही गेलेत."

"किती?"

"माहीत नाही."

"मग शोधून काढ."

खुणेत सेकंदही घालावेत, असं त्याला वाटलं. पण दोन टेबलांवर एकाच सेकंदाला फोन आले तर? आणखी एक जुगाड नको. त्याने पायथन भाषेसोबत मिळणाऱ्या तयार साधनांची, म्हणजे स्टँडर्ड लायब्ररीची, माहितीची पानं उघडली. डिक्शनरी, म्हणजे एका खुणेखाली एकच नोंद ठेवणारी रचना, तर त्याने वापरलीच होती. डेक म्हणजे दोन्ही टोकांनी उघडी रांग. तिला तातडी कळत नाही. मग हीप सापडला. सर्वांत लहान आकडा कायम वर. इथे एक नंबर म्हणजे सर्वांत गंभीर, म्हणजे नेमकं हेच हवं होतं. खाली त्याचाच प्रश्न मांडलेला होता: दोन कामं सारख्याच तातडीची असली तर? उत्तरही तिथेच होतं: प्रत्येकाला येण्याचा क्रमांक जोडा.

"हे इथे तयार पडलं होतं," तो पुटपुटला. "आणि मी..."

"रडगाणं नंतर. चालव."

आलेला प्रत्येक कॉल मुळात वेगळा साठवलेला होता, तेवढं नशीब. हीपची नवी रांग लिहून त्याने ते सगळे तिच्यात सोडले. पुसलेले कॉल एकामागून एक वर येऊ लागले. सगळ्यांत वर होतं: गाडी अडकली, इंजिन चालू, धुराचा पाइप बर्फाखाली, धूर आत, वडील उत्तर देत नाहीत.

रेनाटाने माइक ओढला. "लॉयड, कुठे आहेस?"

"डुडेकबाईंकडे. जिवंत आहेत, मला शिव्या घालतायत. सिलिंडर लावलाय."

"त्यांना शेजाऱ्यांवर सोपव. चर्चमागच्या रस्त्यावर निळी गाडी आहे. पळ!"

मग वायरलेसवर नुसती खरखर. खोलीत फोन वाजत होते, माणसं उत्तरं देत होती, पण सगळ्यांचे कान तिकडेच. कॉर्विन उभाच होता.

"काच फोडली," लॉयड धापा टाकत म्हणाला. "मुलगी शुद्धीवर आहे. म्हातारा... थांबा." वायरलेसवर दार ओढल्याचा आवाज आला. "श्वास चालू आहे. दोघांना घेऊन निघतोय."

कॉर्विन रेनाटाकडे वळला. काही म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण रेनाटाने हात वर केला.

"बाकीच्यांकडे माणसं पोचू देत. मग माझ्याशेजारी बसायचं, आणि तो प्रोग्रॅम माझ्यासमोर मोडून दाखवायचा प्रयत्न करायचा. मोडेनासा होईपर्यंत."

तिने पुढचा फोन उचलला.