बाटलीच्या गळ्यातली चिठ्ठी

वास गेला तो तापात, आणि ताप उतरला तरी तो काही परत आला नाही. आठ महिने झाले. वाइनच्या दुकानात नोकरी करणाऱ्या बाईला वासच येऊ नये, म्हणजे नशिबाने थट्टा तरी किती करावी!

त्या दुकानात प्रत्येक बाटलीच्या गळ्यात तिच्या हातची चिठ्ठी असायची, आतल्या वाइनचा वास कसा, चव कशी, ते सांगणारी. पंधरा वर्षं गिऱ्हाइकं ती वाचूनच बाटली उचलत. मालक तिला कौतुकाने 'नाकवाली' म्हणायचा. त्याला ती अजून ताकास तूर लागू देत नव्हती. ठाऊक होतं ते फक्त थोरल्या बहिणीला.

"ताई, मी हल्ली इंटरनेटवरून उचलून लिहिते," तिने सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, "मग निदान बऱ्या माणसाचं तरी उचल."

पण बरा माणूस सापडायला हवा ना. शनिवारी मालकाने जुन्या गिऱ्हाइकांना चव घ्यायला बोलावलं होतं. बाटल्या बारा, आणि बोलणार कोण, तर ही. आठवडाभर ती मोबाइलला चिकटून होती. एका पॉडकास्टमध्ये दोघे जण वीस मिनिटं आपल्याच विनोदांवर खिदळत होते, बाटली उघडायचा पत्ता नाही. एका ब्लॉगवर सरसकट सगळ्या वाइनना शंभरपैकी त्र्याण्णव, आणि खाली 'आत्ताच मागवा'. आणखी एकाने बाटलीमागचा छापील मजकूर उतरवून वर स्वतःचा फोटो डकवला होता. नुसता वैताग.

गुरुवारी दुपारी दुकान रिकामं असताना तो ब्लॉग सापडला. ना फोटो, ना जाहिरात. 'पहिल्या घोटाला ओली पाटी. जरा वेळाने सफरचंदाची साल.' 'ही रागीट आहे. तासभर उघडी ठेवा, निवळेल.' तिला भरून आलं. असं नाक कधीकाळी आपल्यालाही होतं. बारापैकी नऊ बाटल्या तिथे होत्या. ती वही काढून भराभर उतरवायला लागली.

पाचव्या बाटलीपाशी लिहिलं होतं, 'ताईच्या जुन्या रेनकोटचा वास. वाईट नाही, आठवणीतला.'

तिचा हात थांबला. तो रेनकोट तिच्याच ताईचा होता. ही चिठ्ठी चार वर्षांपूर्वी तिनेच लिहिली होती, आणि त्यातली ताई वाचून मालक दिवसभर हसला होता.

तिने ब्लॉगवरची शेवटची नोंद उघडली. दोन महिन्यांपूर्वीची.

'यातलं एक अक्षर माझं नाही. एका दुकानातल्या चिठ्ठ्या मी उतरवून आणायचो. घरी घोट घ्यायचा, वाचायचं, आणि वाटायचं, अगदी हेच. हल्ली मात्र चिठ्ठीतलं बाटलीत सापडतच नाही. त्या बाई सोडून गेल्या असाव्यात. मग मी तरी कशाच्या जोरावर लिहू? थांबतो.'

काउंटरखाली एक बाटली उघडी होती. तिने ती नाकाशी धरली, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. काही नाही.

तेवढ्यात ताईचा फोन. "मिळाला का गं एखादा बरा?"

"मिळाला. एकच. पण बंद पडलाय."

"अगं, मग दुसरा शोध की."

तिने फोन ठेवला, स्टूल ओढलं आणि बाटल्यांच्या गळ्यातल्या आठ महिन्यांतल्या चिठ्ठ्या एकेक करून काढायला लागली. मालक आतून आला. "हे काय चाललंय, नाकवाले? परवा माणसं यायचीत."

"ह्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या बाई सोडून गेल्यात, मालक," ती म्हणाली. मालक हसला. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं.