आतली कडी

मित्रांनो, कपाटाला कडी बाहेरून असते. आतून कुणी लावत नाही, कारण कोटांना आणि चादरींना दार लावून घ्यायची गरज पडत नाही. मी एक जुने कपाट आहे आणि मला मात्र आतूनही कडी आहे. ती कशी आली आणि तिने काय काय पाहिले, तेवढेच मला सांगायचे आहे. गोष्टीत मारहाण फार आहे, पण मी ती घातलेली नाही.

माझा जन्मच घावांतून झाला. आधी कुऱ्हाड, मग करवत, मग रंधा. पोर्ट पिरी या आमच्या बंदरगावात आर्विद नावाचा सुतार होता. तो लाटव्हियाहून आलेला, लढाईत घरदार गमावलेला. तो कपाटे गरजेपेक्षा मोठी करायचा. कुणी हसले तर म्हणायचा, कपाटात वेळ पडल्यास माणूस मावला पाहिजे. लोकांना वाटायचे, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. पण त्याच्या हाताला चूक ठाऊक नव्हती, आणि माझे दार लागले की वाराही आत जात नसे. क्लॅरी आणि एल्वा यांच्या लग्नात मी या घरात आलो आणि रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीसमोर उभा राहिलो.

क्लॅरी शिसे वितळवण्याच्या कारखान्यात होता. बाहेर त्याच्यासारखा गरीब माणूस नाही आणि घरात त्याच्यासारखा वाघ नाही. शनिवारी शर्यतीत त्याने पैसे लावलेला घोडा हरला, की मार एल्वाला पडायचा. एकदा मटण गार झाले म्हणून त्याने मूठ उगारली. एल्वा बाजूला झाली आणि ती मूठ माझ्या उजव्या दारावर बसली. चार बोटांच्या पेरांचा खड्डा पडला. तो आजही आहे. मला दुखले, पण खरे सांगतो, त्या दिवशी मला बरेही वाटले. निदान एक ठोसा तरी मी झेलला.

दुसऱ्या दिवशी एल्वाने पितळेची एक कडी आणली आणि भाजी कापायच्या सुरीने स्क्रू पिळून ती माझ्या दाराला आतून बसवली. त्यांची मुलगी ग्लेनिस तेव्हा लहान होती. आवाज वाढला की कपाटात जायचे, कडी लावायची आणि आई हाक मारेपर्यंत हलायचे नाही, असे तिला शिकवले गेले. ती कोटांच्या मागे बसायची. तिचे दात वाजायचे ते माझ्या फळ्यांना ऐकू यायचे. राग उतरला की क्लॅरी माझ्या दाराशी येऊन बसायचा आणि रडायचा. म्हणायचा, बाहेर ये गं पोरी, तुझा बाबा तसा नाही. तो तिथून हलायचाच नाही. शेवटी कंटाळून ती कडी काढायची. मग कधी तिला चॉकलेट मिळायचे आणि कधी थप्पड.

असे क्लॅरी मरेपर्यंत चालले. पुढे एल्वाही गेली आणि घर ग्लेनिसला मिळाले. तिने लग्न केले, तिचा नवरा एका मोसमात पर्थला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. तिने मुलगा एकटीने वाढवला. ती माझी सुखाची वर्षे होती. आत लोकरीची जाकिटे, डांबराच्या गोळ्या आणि नाताळचे खोके. शेजारचा स्टाव्ह्रो हा ग्रीक कोळी कधी खोलीत डोकावला, की माझ्या दारावर थाप मारून म्हणायचा, हल्ली शवपेट्यासुद्धा इतक्या चांगल्या करत नाहीत. ही त्याची स्तुती करायची पद्धत.

मग मुलगा घरी परत आला. वॉरिक छपरांवर कौले घालायचा. एका छपरावरून तो खाली आला आणि त्याची पाठ कायमची गेली. पोरगा मनाचा वाईट नाही. पण दुखणे झोपू देत नाही, गोळ्या जागे राहू देत नाहीत, आणि चाळिशीतल्या माणसाला आईच्या घरात भांडी घासत बसायचे, तर त्याचे डोके फिरते. आधी बशी फुटली. मग खुर्ची. ग्लेनिस स्वतःच्या घरात पाय न वाजवता चालायला लागली. ती चाल मी ओळखली. एल्वा तशी चालायची.

त्यातच त्याला कुणीतरी सांगितले, की गांजाने पाठ सुटते आणि झोप लागते. घरात दिवा लावून झाडे वाढवायला कायद्याने बंदी आहे, हे त्यालाही माहीत होते. तरी त्याने ठरवले. त्याच्या खोलीत जागा नव्हती. जागा माझ्यात होती. ग्लेनिसने एक रात्र विचार केला आणि सकाळी आपली जाकिटे काढून पलंगावर ठेवली. पोराची झोप परत येईल आणि झोपेबरोबर पोरगाही परत येईल, एवढीच तिची आशा होती.

मला रिकामे करताना वॉरिकचा हात त्या कडीला लागला. “आई, ही आतून कशाला?”

“कोट अडकवायला,” ग्लेनिस म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

मित्रांनो, ज्याने आयुष्यात कोथिंबीर लावली नाही त्याने हे काम अंगावर घेतले होते. पहिल्या रोपांना त्याने इतके पाणी पाजले की ती बुडून मेली. दुसऱ्या खेपेला दिवा इतका खाली टांगला की पाने करपली आणि माझी वरची फळीही काळी पडली. मग एका झाडाला बारीक किडे झाले, ते तो चिमट्याने एकेक उचलत बसायचा. ज्या हाताने खुर्ची मोडली तो हात पानाखाली असा हळू जायचा, की मला माझ्या वासाची लाज वाटायची थांबली. वास तर असा सुटला होता, की विचारू नका. ग्लेनिस जाकीट घालून बायकांच्या क्लबात गेली, तर एका म्हातारीने तिला विचारले, अत्तर कुठले गं लावलेस. स्टाव्ह्रो कुंपणावरून नाक मुरडत म्हणाला, “ग्लेनिस, तुझ्या छपरात पोसमचं जनावर मेलंय. नाहीतर वॉरिक शेतकरी झालाय.” ती हसली. किती वर्षांनी हसली.

झाडांनी मूळ धरले तसा वॉरिक बदलला. रविवारी फुटबॉलचे समालोचन रेडिओवर लावून तो माझ्यासमोर स्टूल टाकून बसायचा आणि झाडांना सामन्याचे गुण सांगायचा. बशा फुटायच्या थांबल्या. ग्लेनिस पुन्हा टाच टेकवून चालायला लागली. फुले आली, तेव्हा मात्र त्याला चोरांची भीती वाटू लागली. त्याने मला बाहेरून लोखंडी कोयंडा ठोकला, कुलूप घातले आणि किल्ली गळ्यात बांधली. खिळा आत शिरला तेव्हा मला वाटले, आता मी कपाट राहिलो नाही, तिजोरी झालो. तिजोरीला आतून कडी नसते.

आमच्याकडे वर्षातून एकदा नगरपालिका अवजड कचरा उचलते. गाडी यायच्या आधी आठवडाभर मोडके पलंग, गाद्या, शेगड्या सगळ्यांच्या दारासमोर पडून असतात, आणि लोक गाड्या घेऊन हिंडतात नि हवे ते उचलून नेतात. यात कुणाला लाज वाटत नाही. उलट, चालणारी वस्तू असेल तर तसे लिहून ठेवणे ही माणुसकी समजतात. ग्लेनिस या बाबतीत फार काटेकोर. तिने एक जुना पंखा झाडून पुसून ‘चालतो’ अशी चिठ्ठी लावून ठेवला. आणि घरात अडगळ नको म्हणून, झाडांच्या दिव्याचे मोठे खोकेही त्याच्या शेजारी नीट उभे करून ठेवले. त्यावर दिव्याचे भलेमोठे चित्र होते.

मी खिडकीतून पाहत होतो. एक पांढरी गाडी थांबली. लाल दाढीचा एक तरुण उतरला, पंखा उचलला आणि मग खोक्याकडे बघत राहिला. ग्लेनिस बागेत होती. त्याने विचारले, या दिव्याखाली काय लावलंय, आजी. खोटे बोलायची तिला सवय नाही आणि ऐनवेळी सुचलेही नाही. मुलाने कपाटात टोमॅटो लावलेत, असे ती म्हणाली. पिरीच्या उन्हात टोमॅटो गटारातसुद्धा येतात, ते कपाटात कोण लावील? तो हसला. ग्लेनिसने त्याला झाडावरची लिंबेही दिली, पिशवी भरून.

पुढच्याच रविवारी, भर दुपारी, सामना ऐन रंगात असताना दार फुटले. ठोकले नाही, फुटले. लाल दाढीवाला आणि त्याच्याबरोबर एक जाडा. एकाच्या हातात पहार, दुसऱ्याच्या हातात क्रिकेटची बॅट. वॉरिक स्टुलावरून उठेपर्यंत बॅट त्याच्या दुखऱ्या पाठीत बसली. तो पडला. पडल्यावरही मारले. एक दात उडून माझ्या पायाशी आला. रेडिओवर लोक गोल झाला म्हणून ओरडत होते.

आणि ग्लेनिस स्वयंपाकघरातून धावत आली ती बाहेरच्या दाराकडे नाही, शेजाऱ्याकडे नाही, तर माझ्याकडे. साठी ओलांडलेली बाई, पण पायांना जुनीच वाट आठवली. तिने माझे दार ओढले. कुलूप होते. तिने पुन्हा ओढले. नखे फटीत खुपसून ती आतली कडी शोधत होती, जिथे ती नेहमी असायची तिथे. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी एवढा असहाय कधीच नव्हतो. जागा होती ती झाडांनी भरलेली, आणि दार होते ते माझ्या ताब्यात नव्हते.

“सरक, आजी,” लाल दाढीवाला म्हणाला. “लिंबं छान होती.”

त्याने तिला खांद्याने ढकलले. ती पलंगाच्या कडेवर पडली आणि तिचे मनगट मोडले, त्याचा आवाज मला आला. मग पहार कोयंड्यात घुसली. माझी फळी उभी चिरली, दार एका बिजागरीवर लोंबले. त्यांनी झाडे मुळासकट उपटली, दिवा तारेसकट ओढला, कुंड्या लाथेने फोडल्या आणि सगळे चादरीत गुंडाळून नेले. सामना संपायच्या आत सगळे संपले.

स्टाव्ह्रो मासे टोचायचा आकडा हातात घेऊन आला, पण उशिरा. त्याने लाकडी चमच्याला फडके गुंडाळून ग्लेनिसच्या हाताला आधार बांधला आणि पोलिसांना बोलावतो म्हणाला. वॉरिक रक्त थुंकत म्हणाला, नको. कपाटात काय होते म्हणून सांगणार? स्टाव्ह्रो दवाखान्यासाठी आपली गाडी काढायला गेला. तेवढ्या वेळात जे झाले, ते त्या दोन चोरांच्या माराहून मोठे होते.

वॉरिक भिंतीला धरून उभा राहिला. “लिंबं म्हणाला तो. कुठली लिंबं, आई?”

तिने सांगितले. खोके, पंखा, टोमॅटो, सगळे सांगितले. एक शब्द लपवला नाही.

“तू दाखवलंस त्यांना घर,” तो म्हणाला. त्याचा आवाज हळू होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. “माझं एवढं एक काम नीट होत होतं. एवढं एक. आणि तू चिठ्ठी लावून बाहेर मांडलंस.”

त्याने मूठ उगारली. ग्लेनिस बाजूला झाली नाही. एल्वाला सुचले होते, तेवढेही तिला सुचले नाही. शेवटच्या क्षणी मूठच वळली आणि माझ्या उजव्या दारावर बसली. क्लॅरीची जिथे बसली होती, बरोबर तिथे. आजोबांच्या खड्ड्यात नातवाचा हात असा मावला, की जणू माप घेऊन केला होता.

मग ग्लेनिस उठली. मोडका हात छातीशी धरून ती फुटक्या कुंड्यांवरून, ओल्या मातीवरून माझ्या आत आली, लोंबणारे दार तिने चांगल्या हाताने उचलून ओढले आणि कडी लावली. दार वाकडे झाले होते, पण एल्वाने बसवलेली कडी लागली.

त्या आवाजाने वॉरिकला सगळे कळले. आजोबांच्या हाताबद्दल त्याने उडते ऐकले होते; कोट अडकवायची कडी कशासाठी होती, ते आता कळले. तो माझ्यासमोर मटकन बसला आणि रडायला लागला. “आई, बाहेर ये. मी आजोबांसारखा नाही गं.”

आत ती ओल्या मातीत गुडघे जवळ घेऊन बसली होती. तिचे दात वाजत होते.

“तोही इथंच बसून हेच म्हणायचा,” ग्लेनिस म्हणाली.

मित्रांनो, मी आता दुसऱ्या वाक्याची वाट पाहत होतो. पहिल्यानंतर दुसरे येतेच, मग तिसरे, मग कडी निघते. ते मला पाठ होते. पण वॉरिक गप्प झाला. तो उठला, पाठीला हात लावत स्वयंपाकघरात गेला. चहाचा पेला आणला, माझ्या दारापासून जरा दूर जमिनीवर ठेवला, आणि घराबाहेर पडला. खिडकीतून मला तो दिसत होता. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, घराकडे पाठ करून बसला होता, दोन्ही हात मांड्यांवर उघडे ठेवून. स्टाव्ह्रो गाडी घेऊन आला, तर त्यालाही त्याने हाताने थांब म्हटले. क्लॅरी माझ्या दारापासून कधी हलला नव्हता.

चहा गार झाल्यावर ग्लेनिसने कडी काढली.

आज माझी चिरलेली फळी लोखंडी पट्टीने सांधली आहे. बाहेरचा कोयंडा वॉरिकने स्वतः उपटून काढला. पाठ अजून दुखते, झोप अजून येत नाही, आणि राग आला की तो आरडाओरडा करत नाही, उठून रस्त्यापलीकडे जाऊन बसतो. आधी शेजाऱ्यांना हसू यायचे. आता स्टाव्ह्रो कधी कधी त्याच्या शेजारी जाऊन बसतो आणि माशांबद्दल बोलतो. माझ्यात पुन्हा लोकरीची जाकिटे आहेत. ती खालच्या बाजूला नसतात, तिथे ग्लेनिसने जागा मोकळी ठेवली आहे.

म्हणून मित्रांनो, एकच विनंती. घरातल्या जुन्या वस्तूला कुलूप ठोकण्याआधी, ती कुणाला कधी उपयोगी पडली होती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि उत्तर देऊन ते माणूस घाईने चहा ठेवायला गेले, तर मागोमाग जा आणि पुन्हा विचारा.

ती पितळेची कडी मात्र काढलेली नाही. वॉरिकने विचारले होते, ठेवायची का. ग्लेनिस म्हणाली, राहू दे. तेव्हापासून दर महिन्याला तो माझे दार उघडतो, गुडघे टेकतो आणि तिला तेल घालतो. लागायची वेळ आलीच, तर ती अडकू नये म्हणून.