नाव नसलेली पुडी

सकाळी आमच्या भागातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. गुडघेवाले, दमेकरी, अंगाला खाज सुटलेले, भूक मेलेले असे सगळे एकाच बाकावर दाटीवाटीने बसायचे आणि सगळ्यांना औषधही एकच मिळायचं, कागदात बांधलेली पांढरी पुडी. एवढे आजार एका पुडीत बसवणारा माणूस साधा कसा असेल? "त्यांच्या हाताला गुण आहे," लोक म्हणायचे. काल दोघांनी धरून आणलेला म्हातारा आज स्वतःच्या पायांनी चालत यायचा, तेव्हा मलाही ते पटायचं.

पुडी महाग होती. डॉक्टरांकडे त्याचंही उत्तर तयार होतं. "स्वस्त औषध रोग दाबतं. माझं औषध रोग मुळापासून उपटतं. बंद करून बघा, दुखणं परत येतं की नाही ते. आणखी काय पुरावा हवा?" मुळापासून उपटलेलं दुखणं परत कसं येतं, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

माझी काकू तर पुडीची भक्तच. गुडघे दुखायचे थांबले, भूक वाढली, गाल वर आले. "तब्येत सुधारली हो तुमची," असं शेजारणी म्हणाल्या की स्वारी खूश. पुडीचा खर्च भागेना म्हणून तिने मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. पायाच्या बोटाची जखम भरेना, तेव्हा ते आम्हाला कळलं.

माझी बहीण मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिने येऊन जखम पाहिली, साखर तपासली आणि तिचा चेहराच उतरला. पुढच्या उपचाराआधी पुडीत काय आहे ते कळायला हवं होतं, म्हणून काकूला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. बाकावर नजर फिरवून बहीण माझ्या कानात म्हणाली, "हे सगळे एकाच घरातले आहेत का रे?"

मी नीट पाहिलं. सगळ्यांचे चेहरे वाटोळे, गुबगुबीत, तुकतुकीत. औषधाने फुगलेल्या तोंडांना आम्ही इतके दिवस तब्येत म्हणत होतो.

आत गेल्यावर तिने विचारलं, "पुडीत कोणतं औषध आहे?"

"नावाशी काय करायचंय? गुण येतोय ना?" डॉक्टर म्हणाले.

"स्टिरॉइड आहे का?"

"थोडं घालावंच लागतं, ताई. नाहीतर गुण कसा येणार?"

झालं. हाताचा गुण तो एवढाच.

बाहेर येऊन तिने बाकावरच्यांना समजावलं. योग्य आजारात, योग्य मात्रेत स्टिरॉइड जीव वाचवतं. पण असं सरसकट दिलं तर दुखणं नुसतं झाकलं जातं, तरतरी येते, आणि आतून साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, जखमा चिघळतात. "स्टिरॉइडची गोळी बाजारात अगदी स्वस्त मिळते. तिच्या पाकिटावर नाव असतं, म्हणून तर ती कुटून देतात. पण एकदम थांबवू नका, तेही जिवावर बेतेल. हॉस्पिटलात दाखवून हळूहळू कमी करा."

"म्हणजे आम्ही कुटायचे पैसे देत होतो?" काकूने विचारलं.

काही जण उठले. दमेकरी म्हणाला, "पण मला बरं वाटतंय," आणि बसूनच राहिला.

काकूचा पाय वाचला, बोट मात्र गेलं. डॉक्टरांचा मला संताप येतो. त्याहून वाईट याचं वाटतं, की आमच्यापैकी एकाने जरी पुडीत कोणतं औषध आहे, हा साधा प्रश्न आधी विचारला असता तर ते बोट आज जागेवर असतं. भाजीची जुडी आपण उलटसुलट करून घेतो. मग पोटात जाणाऱ्या औषधाचं नाव विचारायला लाज कसली? विचारा, लिहून मागा. जो डॉक्टर नाव सांगणार नाही, त्याला हात जोडा आणि उठा.