खांबामागची खुर्ची

“तिकीट काढलं सिनेमाचं, आणि बघत बसलोय खांब!”

माझ्यावर बसलेला जवळजवळ प्रत्येक माणूस हे पुटपुटतो. कुणी शब्दांत, कुणी नुसत्या सुस्काऱ्यात. त्यांचं काही चुकत नाही. मित्रांनो, मी कुंभकोणमच्या एका जुन्या थिएटरातली खुर्ची आहे, आणि माझ्यापुढे हातभर अंतरावर बाल्कनी पेलणारा एक जाडजूड खांब उभा आहे.

साक्कोट्टैच्या एका सुतारानं मला सागवानातून घडवलं. माझी पाठ घासता घासता तो म्हणाला होता, हिच्यावर बसणाऱ्याला उठावंसं वाटणार नाही. मग मला इथे आणून चार बोल्टांनी जमिनीला जखडलं. पहिले काही दिवस मला वाटायचं, हा खांब कुणीतरी इथे विसरून गेलंय, आठवण झाली की येऊन घेऊन जाईल. वर्षं गेली. कुणी आलं नाही. खांबाचा रंग हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा पांढरा झाला, तेवढंच. मला पडद्याच्या फक्त दोन कडा दिसतात. डावीकडे नायकाचं कोपर, उजवीकडे नायिकेचा पदर. दोघांचं लग्न झालं की नाही, ते मला टाळ्यांवरून कळतं.

बुकिंगच्या खिडकीवरचे मुरली भला माणूस. माझं तिकीट ते निम्म्या दरात देत, आणि देण्याआधी खांबाबद्दल बजावत. म्हणूनच विजयराघव बायको आणि दोन मुलांना घेऊन माझ्याकडे आले.

तुम्ही विचाराल, तमिळ मुलखातली ही खुर्ची मराठी कशी बोलते? ती याच कुटुंबाची देणगी. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आले आणि इथलेच झाले. मरुदानल्लूरहून बसनं येणारी ही चार माणसं बाहेर तमिळ बोलत. अंधार झाला, की शेजाऱ्याला कळू नये म्हणून घरची भाषा काढत. जुन्या वळणाची, गोड. मी ती ऐकून ऐकून शिकले. मला दुसरं काम तरी काय होतं?

विजयराघव नाचियार्कोविलच्या समया विकणाऱ्या दुकानात नोकरीला होते. त्या पगारात मधुमिता आणि मध्वेश, दोघांच्या शाळा. म्हणून सिनेमा शिळा झाल्यावर यायचं, दुपारच्या खेळाला यायचं, मुरुक्कूचा, म्हणजे इथल्या चकलीचा, डबा आणि ताकाची बाटली पिशवीतून आणायची, आणि तिकिटं तीन चांगली, एक माझं. कंजूष म्हणू नका हं त्यांना. ही काटकसर नसती, तर या मुलांनी थिएटर बाहेरूनच पाहिलं असतं.

घरचा नियम असा, की माझ्यावर पाळीपाळीनं बसायचं. मध्यंतरापर्यंत अप्पा, नंतर लक्ष्मीदेवी, म्हणजे मुलांची अम्मा. अप्पा मान वाकडी करून बसत आणि मध्यंतराला म्हणत, “मान मोडली गे माझी!”

एके दिवशी सिनेमा सुरू व्हायच्या आधीच लक्ष्मीदेवी माझ्यावर येऊन बसल्या. “तुम्हीं तेथेंच बैसा. मज दिसतें.”

त्या दिवसापासून पाळी बदललीच नाही. मुलं लहान होती, त्यांना ते खरं वाटलं. मोठी झाल्यावर त्यांनी विचारलं नाही. आणि विजयराघवांनी तर तो खांब स्वतः पाहिला होता. पण मानून घेणं सोपं होतं.

सुरुवातीला मध्यंतरात लक्ष्मीदेवी हळूच विचारायच्या, “तिची साडी कोणत्या रंगाची होती रे?” मुलं सांगायची. मग विचारणंही बंद झालं. विचारलं, तर न दिसल्याचं कळेल ना. मात्र एक गोष्ट मला ठाऊक आहे, कारण ती माझ्याच पाठीला जाणवायची. सगळं थिएटर हसलं, की एका श्वासानंतर त्या हसायच्या. नेहमी एक श्वास मागे.

अठरा वर्षं हे चाललं. माझं रेक्झिन फाटलं, काथ्या बाहेर आला, कुणी टाका घातला नाही. आता इथे दोन छोटी नवी थिएटरं होणार आहेत. उद्या माझे बोल्ट निघतील. खांब मात्र राहणार आहे! जाण्याआधी एकच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात कुणी “मला दिसतंय” म्हणालं, तर एकदा त्याच्या जागेवर बसून पाहा.

आज दुपारी शेवटचा खेळ होता. मधुमिता चेन्नईहून मुद्दाम आली होती. येताच तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“अप्पा! मी चार चांगल्या तिकिटांचे पैसे दिले होते कीं नाही?”

“दिले होतेस. खिडकीपाशीं गेलों, आणि तोंडांतून नेहमीचेंच निघालें.”

“अक्का, तूं अप्पांस अख्खा पडदा फुकट दे,” मध्वेश म्हणाला, “ते म्हणतील, अर्धा पुरे.”

“भांडूं नका रे,” लक्ष्मीदेवी म्हणाल्या. “माझीच जागा आहे ती. मज दिसतें.”

त्या माझ्यापाशी आल्या. पण गेल्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पाय दुमडेना, आणि सरळ ठेवायला पुढे खांब. दोनदा प्रयत्न केला, दोनदा ओठ चावून उठल्या. शेवटी मध्वेशनं त्यांना वाटेच्या कडेच्या खुर्चीवर बसवलं, पाय ऐसपैस लांब करून. मधुमिता माझ्याकडे वळली, तोवर विजयराघव बसले होते.

“राहूं दे. आज माझी पाळी.”

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला. विजयराघव डावीकडे वाकले, मग उजवीकडे, मग सरळ बसले. माझ्या लाकडी हातावरून बोटं फिरवताना त्यांना एक खोलगट जागा लागली. अठरा वर्षं लक्ष्मीदेवींच्या बांगड्या तिथे घासल्या होत्या. बोटं तिथेच थांबली.

पडद्यावर काहीतरी गंमत घडली, आणि थिएटरात सगळ्यांच्या आधी एक हसू फुटलं. मोठं, मोकळं. ते लक्ष्मीदेवींचं होतं. मी ते पहिल्यांदाच वेळेवर ऐकलं.

एका श्वासानंतर विजयराघव हसले. पुढच्या रांगेतल्या लोकांनी मागे वळून पाहिलं, इतक्या मोठ्यानं ते बोलले, “ऐक गे लक्ष्मी. येथून कांहीं दिसत नाही. मज पहिल्यापासून ठाऊक होतें.”