मी काटेवाल्यांचा आवाज होतो

मी एक जुना संगणक आहे. काटेवाल्यांच्या थोरल्याला दूरच्या शहरात नोकरी लागली आणि तो दोन बॅगा घेऊन घरातून निघाला, त्याच वर्षी मला वजनकाट्यावरच्या खोलीत आणून बसवले. तेव्हापासून त्या मुलाची आणि माझी चुकामूक होत राहिली. ती कशी झाली तेच मला सांगायचे आहे.

मित्रांनो, वजनकाटा म्हणजे रस्त्याच्या कडेला जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी चौथरा. भरलेला ट्रक त्यावर उभा राहिला की त्याचे वजन तारेतून माझ्याकडे येई आणि मी ते पडद्यावर दाखवी. माझ्यासमोर बसणाऱ्या माणसाला सगळे काटेवाले म्हणत. त्यांना आकडे चांगले येत, अक्षरे येत नसत. मलाही अक्षरांशी काही काम नव्हते. आमचे छान जमले. दिवसभर वाळू, सिमेंट, सळ्या, भंगार. खिडकीतून धूळ आत येई आणि माझ्या पंख्यात बसे. काटेवाले ड्रायव्हर लोकांशी इतक्या मोठ्याने बोलत, की ट्रकचे इंजिन बंद करायची गरज पडत नसे.

पुढे काट्यावर नवे यंत्र आले. मला भंगारात द्यायचे ठरले, तेव्हा काटेवाल्यांनी मला स्कूटरच्या मागच्या सीटवर बांधून घरी आणले. त्यांच्या बायकोने दारातच अडवले.

"अहो, भंगाराचं वजन करणं तुमचं काम. ते घरी आणायला कुणी सांगितलं होतं?"

त्यानंतर वर्षभरातच काटेवाल्यांच्या घशाचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावे लागले. गळ्याला एक छिद्र राहिले, त्यात एक नळी. आवाज गेला तो गेलाच.

त्यांची धाकटी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करी. तिने मला उघडले, पंख्यातली धूळ झाडली, आणि माझ्या कळांवर मराठी अक्षरांचे कागद चिकटवले. रोज दुकानातून आली की ती वडिलांना शेजारी बसवून शिकवी. साठी उलटलेला माणूस एका बोटाने क शोधत बसे आणि मी वाट पाहत बसे. आम्ही दोघे अक्षरे एकदमच शिकलो. काटेवाल्यांनी लिहिलेले पहिले पूर्ण वाक्य होते, 'चहात साखर नाही.'

बायको ते वाचून म्हणाली, "आवाज गेला, कुरकुर काही गेली नाही."

त्या दिवसापासून मी त्यांचा आवाज झालो.

मग धाकटीने त्यांना इंटरनेटवरच्या त्या मोठ्या साइटवर नेले. सगळे जग तिथे होते, थोरलाही होता. घशाचे ऑपरेशन झालेल्या लोकांचा एक गटही तिथे सापडला. काटेवाले एकेक अक्षर वेचून लिहीत, 'नळीत कफ अडकतो, काय करावे?' ते लिहायला त्यांना अर्धा तास लागे. मोठी साइट तो प्रश्न नाचणाऱ्या मुलामुलींच्या व्हिडिओंच्या ढिगाखाली टाकी आणि वर गाण्याच्या क्लासची जाहिरात दाखवी. माझ्याच पडद्यावर हे चाले आणि मला काही करता येत नसे. तुम्ही मला जुना म्हणा, सावकाश म्हणा, पण मुक्या माणसाला गाण्याचा क्लास मी कधी विकला नसता.

एकदा गटातल्या एका नव्या माणसासाठी काटेवाल्यांनी आपल्या गळ्याचा फोटो टाकला. नळी कशी काढायची आणि कशी धुवायची हे त्यात नीट दिसत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचे खातेच बंद. कारण दिले होते, 'भीतीदायक चित्र.' त्यांनी दाद मागितली. डोळ्याचे पाते लवायच्या आत उत्तर आले, तेच वाक्य पुन्हा. इतक्या लवकर वाचणारा माणूस नसतो, हे मी यंत्र असून सांगतो.

काटेवाले दोन दिवस माझ्यासमोर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी धाकटी म्हणाली, "बाबा, आपणच एक छोटं घर काढू. याच डबड्यावर."

आता ते घर, म्हणजे आमची स्वतःची छोटी साइट, कसे असते ते ऐका. मी एक यंत्र. दुसऱ्या गावात एका नर्सबाईंच्या माडीवर एक यंत्र, तिसरे कुठे एका वाचनालयात. प्रत्येकाचा मालक वेगळा, नियम ज्याचे त्याचे. पण एका घरात लिहिलेले दुसऱ्या घरात वाचता येते आणि तिथून उत्तर देता येते. मध्ये कोणी शेठ बसलेला नसतो. मोठी साइट तेवढी अडून बसली होती. ती आमचे काही आत घेत नसे आणि आतले काही बाहेर सोडत नसे.

माझ्या घरी जेमतेम पंधरा माणसे आली. पण प्रश्नाला उत्तर मिळू लागले. नर्सबाईंनी कफाचा उपाय सविस्तर लिहिला. एक निवृत्त ट्रकड्रायव्हर आले, त्यांचाही आवाज गेलेला. त्यांनी लिहिले, 'तुमच्या काट्याने मला एकदा दंड बसवला होता.'

'काट्याने नाही, तुमच्या वाळूने बसवला,' काटेवाल्यांनी उत्तर दिले, आणि खांदे हलवत, बिनआवाजाचे, कितीतरी वेळ हसले.

माझे हाल मात्र चालूच होते. बायकोला इस्त्री करायची असली की ती माझीच पिन काढी. पंधरा माणसे दाराबाहेर ताटकळत आणि आत साडीची घडी चाले. ते मी सोसले. थोरल्याचे काय करायचे, ते मला कधी कळले नाही.

तो धाकटीला फोन करी, तेव्हा काटेवाले शेजारी बसून ऐकत.

"दादा, बाबांनी तुझ्यासाठी लिहिलंय. इकडे एक खातं काढ ना."

"अगं, सगळे तिकडेच आहेत. आणखी एक नाव, आणखी एक पासवर्ड कुठे लक्षात ठेवू? त्यांना म्हणावं, तिकडे नवीन खातं काढा."

"ते परत घेत नाहीत. बाबांचा गळाच त्यांच्या नियमात बसत नाही."

"मग फोनवर निरोप टाका."

"टाकला होता. तू अंगठ्याचं चित्र पाठवलंस."

"बरं, बघतो. रविवारी बघतो."

काटेवाल्यांनी त्या रविवारवर विश्वास ठेवला. दर रविवारी अंघोळ करून ते माझ्यासमोर बसत आणि एक प्रश्न लिहीत. 'थोरल्या, पोराचा पुढचा दात पडला का?' 'थोरल्या, तुझी पाठ कशी आहे?' 'थोरल्या, नव्या घरात ऊन येते का?' मी प्रत्येक प्रश्न पोचवायला तयार होतो, पण पलीकडे दारच उघडलेले नव्हते. शेवटी एकदा ड्रायव्हरांनी लिहिले, 'तुमचा थोरला कामात असेल. तोवर माझ्या पाठीचं सांगू का?' काटेवाल्यांनी लिहिले, 'सांगा.'

मग काटेवाले गेले आणि थोरला घरी आला. त्याने मोठ्या साइटवर वडिलांचा ऑपरेशनच्या आधीचा, कोऱ्या गळ्याचा फोटो टाकला. त्याखाली शेकडो लोकांनी हात जोडल्याची चित्रे चिकटवली. तो बराच वेळ ती पाहत बसला. मग धाकटीला म्हणाला, "बाबा कुठे लिहायचे, दाखव."

तिने माझ्यावर त्याचे खाते काढून दिले. एवढ्याशा कामाला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

तो पहिल्यापासून वाचत गेला, आणि प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर लिहीत गेला. 'पडला, बाबा. वरचे दोन्ही पडले.' 'पाठ आता बरी आहे.' 'सकाळी येते ऊन, स्वयंपाकघरात.' मित्रांनो, मला दया यायला हवी होती, पण राग आला. प्रत्येक उत्तर एका ओळीचे होते. ते त्याच्याकडे पहिल्यापासून होते. तरी मी निमूटपणे सगळ्या घरांत ते पोचवले, कारण माझे काम तेवढेच.

थोड्या वेळाने ड्रायव्हरांचे उत्तर आले, 'उशीर केलात. आता आलाच आहात, तर बसा.'

मित्रांनो, मला महिन्यातून एकदा पुसा. इस्त्रीसाठी दुसरी पिन शोधा. आणि तुमच्या घरातले एखादे माणूस गर्दी सोडून लहान जागी बसले असेल, तर त्याला गर्दीत परत बोलावू नका. तुम्ही उठून त्याच्या दारी जा.

काटेवाले वारले ते थोरल्याच्या मुलाला वरचे नवे दात आले त्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी.